पाटीवर शून्य, छातीवर बोजा: जत्रेतल्या 'अंतराळयाना'चं गणित

आमच्या तालुक्याच्या जत्रेत यंदा आकाशपाळणा, ब्रेक डान्स आणि मौत का कुआँ यांच्या रांगेत एक नवा पाहुणा आला होता. पत्र्याचा गोल, चहूबाजूंनी बंद डबा. बाहेरून निळा रंग, त्यावर चांदण्या, शनीची कडी आणि धूर सोडणारं रॉकेट. दारावर पाटी: 'अंतराळयान – शून्य गुरुत्वाकर्षणाचा थरार'. सातवीतल्या भाचीनं हट्टच धरला. ती आत गेली, डबा गरागरा फिरला, तीन मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, पाटीवर शून्य म्हणायलेत, अन् आत तर छातीवर ज्वारीचं पोतं ठेवल्यावानी झालं. हातबी उचलंना."

पोरीनं एका वाक्यात पाटी खोडून काढली. त्या डब्यात वजन शून्य होत नाही, वाढतं. गंमत अशी, की खऱ्या 'शून्या'कडे जाणारा रस्तासुद्धा त्याच जत्रेत होता, फक्त त्यावर पाटी नव्हती. हे कसं, ते सावकाश बघू.

वजन जाणवतं ते कशामुळे?

पृथ्वी आपल्याला खाली ओढते, हे शाळेत शिकलोय. पण ती ओढ आपल्याला थेट जाणवत नाही. जाणवतो तो जमिनीचा, खुर्चीचा किंवा बाजेचा उलटा रेटा. आपण जमिनीवर उभे आहोत आणि जमीन आपल्याला खालून वर ढकलतेय. तळपायाला जे लागतं, त्याला आपण 'वजन' म्हणतो. काट्यावर उभं राहिल्यावर काटाही हाच रेटा मोजतो.

म्हणजे रेटा वाढला की आपण जड झालो असं वाटतं, रेटा गेला की हलके झालो असं वाटतं. पृथ्वीची ओढ या सगळ्यात तेवढीच असते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

नेहमीच्या वजनाच्या किती पट बोजा पडला हे सांगायला 'जी' हे माप वापरतात. घरात बसलोय तेव्हा १ जी. दुप्पट जड वाटलं तर २ जी.

डबा फिरला की माणूस भिंतीवर का दाबला जातो?

एसटीनं मांजरसुंब्याचा घाट उतरताना बस डावीकडे वळली की आपण उजवीकडच्या माणसावर जाऊन आदळतो आणि वर त्यालाच म्हणतो, "जरा सरकून बसा." खरं तर आपल्याला उजवीकडे कुणी ढकललेलं नसतं. आपलं शरीर सरळच चाललेलं असतं, वळते ती बस. चालती वस्तू सरळ रेषेत चालतच राहू पाहते, या स्वभावाला जडत्व म्हणतात. शेवटी बसची भिंत आडवी येते आणि आपल्यालाही वळायला लावते.

गोल डब्यात हे वळण संपतच नाही. प्रत्येक क्षणी शरीर सरळ निघू पाहतं आणि प्रत्येक क्षणी भिंत त्याला आत ढकलते. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकताना गोफण फिरवली असेल, तर हे हाताला माहीतच आहे. दगड गोल फिरतो तो दोरीनं आत ओढून धरलाय म्हणून. दोरीचा एक पदर सोडला की तो सरळ सुटतो. गोफणीत दोरी जे काम करते, तेच डब्यात भिंत करते. फरक एवढाच, की दोरी ओढते आणि भिंत ढकलते.

साखर कारखान्यात काम केलेल्याला आणखी एक यंत्र आठवेल. दाट पाकातून मळी वेगळी करायला जाळीचा पिंप मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो. साखरेचे दाणे जाळीला अडून राहतात आणि मळी जाळीतून बाहेर पडते. जत्रेतल्या डब्यात आपण त्या साखरेच्या दाण्याच्या जागी असतो. साठ रुपये देऊन.

पण बाहेर फेकणारा जोर तर स्पष्ट जाणवतो!

जाणवतो, आणि त्याला नावही आहे: केंद्रोत्सारी बल, म्हणजे मध्यापासून दूर लोटणारं बल. डब्यात बसलेल्याच्या दृष्टीनं हिशोब मांडायचा असेल तर ते धरावंच लागतं आणि गणित बरोबर सुटतं. पण बाहेर उभं राहून बघणाऱ्याला असं कोणतंच बल दिसत नाही. त्याला दिसते फक्त भिंत आणि तिचा आतल्या बाजूला असलेला रेटा. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर आहेत. शाळेतले मास्तर 'केंद्रोत्सारी बल आभासी असतं' म्हणाले आणि तुमचा विश्वास बसला नसेल, तर तुमचंही फारसं चुकलं नव्हतं. आभासी असलं तरी बरगड्यांना लागतंच ते.

आता आकडे. भाची आत असताना मी बाहेरून घड्याळ लावून मोजलं: डबा रंगात आल्यावर मिनिटाला साधारण २० फेरे. आतली रुंदी आठेक मीटर, म्हणजे मध्यापासून भिंत ४ मीटरवर. यावरून भिंतीचा रेटा निघतो जवळपास १.८ जी. पोरीचं वजन ४० किलो, म्हणजे भिंत तिला ७० किलोच्या जोरानं पाठीतून ढकलत होती. ज्वारीच्या पोत्याची तिची उपमा काही फार लांबची नव्हती.

या जातीचं मोठं यंत्र अमेरिकेत १९८३ साली आलं, 'ग्रॅव्हिट्रॉन' नावानं. ते मिनिटाला २४ फेरे घेतं आणि बोजा ३ जीपर्यंत जातो. अंतराळयानाचं सोंगही तिथूनच आलं: बंद तबकडी, आत दिवे, मधोमध चालवणारा. बंद ठेवण्यात शहाणपण आहे. बाहेरचं काहीच दिसत नसल्यामुळे थोड्या वेळानं आपण फिरतोय हेच कळेनासं होतं, फक्त जड झाल्यासारखं वाटतं.

माणूस भिंतीला चिकटून राहतो, खाली घसरत नाही. का?

ग्रॅव्हिट्रॉनचा थोरला भाऊ म्हणजे 'रोटर'. एर्न्स्ट हॉफमायस्टर या जर्मन इंजिनिअरनं तो काढला आणि १९४९ साली म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे त्यांच्या जत्रेत, लोकांपुढे ठेवला. त्यात तर कहर आहे. पिंप जोरात फिरू लागला की पायाखालची जमीनच खाली सरकते आणि माणसं भिंतीला पालीसारखी चिकटून राहतात.

कारण घर्षण. भिंत जेवढ्या जोरानं पाठीवर दाबली जाईल, तेवढी कपड्याची आणि भिंतीची पकड घट्ट. दाब पुरेसा असला की ही पकड शरीराचं वजन पेलून धरते. दोन्ही तळव्यांमध्ये पुस्तक दाबून धरलं की ते खाली पडत नाही, तसंच.

जत्रेतल्या डब्यात जमीन सरकत नव्हती. तिथं भिंती बाहेरच्या बाजूला कललेल्या होत्या आणि पाठीमागच्या गाद्या चाकांवर बसवलेल्या. वेग वाढला की गादी माणसासकट वर सरकते. एक पोरगं तर आडवं होऊन बसायला बघत होतं, चालवणाऱ्यानं माईकवरून त्याला अशी शिवी हासडली की बाहेरचे सगळे हसले.

इथं हमखास विचारलं जातं: "जाड माणूस घसरून पडेल ना?" नाही. जाड माणसाला पृथ्वी जास्त ओढते हे खरं, पण तो भिंतीवरही त्याच पटीत जास्त दाबला जातो, म्हणून पकडही त्याच पटीत वाढते. हिशोबात वजन दोन्हीकडून कटतं. शंभर किलोचे सरपंच आणि वीस किलोचं पोरगं एकाच वेगाला चिकटतात आणि एकाच वेगाला घसरतात. नायलॉनचा गुळगुळीत शर्ट मात्र फरक पाडू शकतो.

आणि हे गणित मराठवाड्याला नवीन नाही. माळेगावची खंडोबाची यात्रा असो, लातूरची सिद्धेश्वराची की संभाजीनगरातली नवरात्रातली कर्णपुऱ्याची, मौत का कुआँ आपण बघत आलोय. उभ्या फळ्यांच्या भिंतीवरून मोटारसायकल गोल फिरते आणि पडत नाही. रोटरमध्ये भिंत फिरते आणि माणूस तिच्यासोबत जातो. कुआँत भिंत उभी आणि माणूस फिरतो. विज्ञान एकच. फक्त कुआँतल्या माणसाला स्वतःच्या हातानं वेग सांभाळावा लागतो, वर एका हातानं पब्लिकच्या नोटाही घ्याव्या लागतात. मला विचाराल तर जत्रेतलं सगळ्यात भारी भौतिकशास्त्र तिथं आहे, आणि त्यावर चांदण्या कुणी काढत नाही.

मग शून्याकडे जाणारा रस्ता कुठं होता?

आकाशपाळण्यात. रेट्याची गोष्ट आठवा. पाळणा गोल फिरतो तेव्हा आपण सगळ्यात वर असताना बसायची फळी आपल्याखालून जरा निसटू पाहते, तिचा रेटा कमी होतो. सगळ्यात खाली आल्यावर तीच फळी आपल्याला वर उचलत असते, रेटा वाढतो. समजा पाळणा २० मीटर उंचीचा आहे आणि दहा सेकंदांत एक फेरा घेतो. अशा पाळण्यात ५० किलोच्या माणसानं काटा सोबत नेला, तर वर असताना तो ३० किलो दाखवील आणि खाली ७०. वरून खाली निघताना पोटात जो खड्डा पडतो, तो या गेलेल्या वीस किलोंचा. पूर्ण शून्य नाही, पण त्या दिशेनं जाणारा रस्ता हाच.

पूर्ण शून्य हवं असेल तर उन्हाळ्यात विहिरीवर जा. वीस फूट उंच काठावरून मुटका मारला की पाणी लागेपर्यंत एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. तेवढा वेळ पायाखाली काही नाही, पाठीमागे काही नाही, कुणाचाच रेटा नाही. हवेचा किरकोळ विरोध सोडला तर ते अस्सल वजनरहित अवस्थेचं एक सेकंद. अंतराळवीर अनुभवतात ते याहून वेगळं नाही, फक्त त्यांचा मुटका संपत नाही.

पण अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून ते तरंगतात ना?

हा समज इतका घट्ट बसलाय की चांगल्या शिकलेल्या माणसांनाही तो हलवता येत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून ४०० किलोमीटरवर फिरतं. नांदेड ते पुणे रस्त्यानं जाताना याहून जास्त अंतर पडतं. एवढ्याशा उंचीवर पृथ्वीची ओढ संपत नाही; जमिनीवरच्या साधारण ९० टक्के ती तिथंही असते. ओढ नसती तर स्थानक सरळ निघून गेलं असतं, गोफणीतून सुटलेल्या दगडासारखं.

ते तरंगतात कारण स्थानक आणि त्यातली माणसं सतत पडतायत. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग दर आठ किलोमीटरला साधारण पाच मीटर खाली वाकतो. आणि सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदाला जवळपास पाच मीटरच खाली येते. मग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगानं आडवं फेकलं तर? वस्तू जेवढी पडते तेवढीच जमीनही खाली वाकत जाते. पडणं चालू, टेकणं नाही. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे, दीड तासात त्याची पृथ्वीप्रदक्षिणा होते. आपली विहीर, फक्त तळ नसलेली.

मग पाटी लिहिणारा साफ खोटारडा?

साफ नाही. त्यानं प्रवासातली चुकीची जागा निवडली, एवढंच. अंतराळात पोचल्यावर वजन जातं, पण तिथवर नेणारं रॉकेट माणसाला पाठीतून ढकलत नेतं. त्या आठ-नऊ मिनिटांत अंतराळवीरांवरचा बोजा ३ ते ४ जीपर्यंत चढतो. छातीवर पोतं, हात उचलेना, गाल मागे ओढलेले. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी वर गेले तेव्हा देशाला पाठवलेल्या पहिल्या निरोपात त्यांचे शब्द होते, 'कमाल की राइड थी'. ती राइड म्हणजे ही मिनिटं. आमच्या डब्यानं भाचीला दिला तो या चढणीचा लहानसा नमुना. पाटीवर 'रॉकेट उडतानाचा थरार' लिहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

अंतराळवीरांचा सरावसुद्धा फिरवूनच घेतात. मॉस्कोजवळच्या गागारिन प्रशिक्षण केंद्रात १८ मीटर लांब भुजेच्या टोकाला कक्ष बांधलेलं प्रचंड यंत्र आहे. आपल्याकडे बंगळुरूला हवाई दलाच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत माणसांना फिरवणारं असंच यंत्र आहे. रॉकेटच्या सरावात आणि आमच्या डब्यातही एक गोष्ट साधलेली असते: बोजा छातीकडून पाठीकडे पडतो. तोच बोजा डोक्याकडून पायाकडे पडला तर रक्त पायात उतरतं, मेंदूला कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. लढाऊ विमानाच्या वैमानिकाची लढाई त्याच्याशी असते. रॉकेटमध्ये माणूस उताणा झोपवतात तो त्यासाठी.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्या एप्कॉट उद्यानात २००३ पासून 'मिशन स्पेस' नावाचा पाळणा चालतो. मंगळाच्या सफरीचं सोंग, आणि आतमध्ये खरंखुरं फिरवणारं यंत्र. बोजा २.५ जीच्या आसपास. त्यात वजनरहित झाल्याचा भासही देतात, आणि त्याची युक्ती कडब्याचा भारा वाहिलेल्याला लगेच कळेल. डोक्यावरचा भारा एकदम खाली टाकला की मान आपोआप वर जाते, अंग हवेत गेल्यासारखं वाटतं. बोजा चढवायचा आणि झटकन काढायचा. हलकं झालेलं काहीच नसतं, फक्त जड होतं ते गेलेलं असतं.

मळमळ आणि चक्कर का?

दोन्ही कानांच्या आत खोलवर तीन-तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पातळ द्रव भरलेला. डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, 'आपण फिरतोय'. एकाच वेगानं फिरत राहिलं तर अर्ध्या मिनिटाच्या आत द्रवही सोबत फिरू लागतो आणि खबर बंद होते. मग डबा थांबतो. डेऱ्यात रवी थांबवली तरी ताक जसं फिरतच राहतं, तसा कानातला द्रव फिरत राहतो. मेंदूला वाटतं आता उलटं फिरतोय, डोळे म्हणतात उभे आहोत. या भांडणात पोट ढवळतं.

यापेक्षा वाईट म्हणजे फिरत असताना मान वळवणं. एका नळीतला द्रव स्थिरावलेला असतो, मान वळली की दुसरी नळी फिरण्याच्या रेषेत येते आणि मेंदूला वाटतं आपण कोलांटी खातोय. म्हणून मिशन स्पेसमध्ये बजावतात: समोर बघा, मान वळवू नका, डोळे मिटू नका. तरीही तिथं उलटीच्या पिशव्या ठेवाव्या लागतात, आणि २००६ पासून न फिरवणारी वेगळी सफरही आहे. आमच्या भाचीनं आत जाण्याआधी दोन प्लेट भजी खाल्ली होती. पुढचं सांगत नाही.

मध्येच लाईट गेली तर?

मराठवाड्यात हा प्रश्न आधी येणार. घाबरायचं कारण त्यात कमी आहे. काही टन वजनाचा डबा बटण बंद केल्याबरोबर थांबत नाही. त्यालाही जडत्व आहे. तो हळूहळू मंदावतो, पाठीवरचा रेटा हळूहळू कमी होतो आणि माणसं धपकन न पडता घसरत खाली येतात.

काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टींची. हे पाळणे दर जत्रेला उकलून ट्रकवर चढतात आणि पुढच्या गावी पुन्हा जोडले जातात, तेव्हा नट-बोल्ट आणि वेल्डिंग यांवर सगळी मदार. पाळण्यांच्या सुरक्षेसाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे, पण ते कागदावर असून भागत नाही. आपण निदान एवढं बघू शकतो: दार बाहेरून नीट अडकतं का, चालवणाऱ्याला आतली माणसं दिसतात का, तो मोबाइलवर तर नाही. 'अजून जोरात' म्हणून पोरं ओरडली की वेग वाढवणारा असेल तर तिकीट फाडून टाका.

हृदयाचा आजार, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर बसूच नये. मिशन स्पेसमध्ये २००५ साली चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. तपासणीत त्याला हृदयाचा आधीचाच आजार असल्याचं निघालं. धडधाकट माणसाला दोन-तीन जी काही मिनिटं सहज सोसतात. आपण धडधाकट आहोत का, हे मात्र डब्याला कळत नाही.

फिरवून वजन तयार होतं, तर अंतराळात असंच का करत नाहीत?

हा प्रश्न भाचीचा, आणि तो शास्त्रज्ञांनाही शंभर वर्षं सतावतोय. वजन नसलं की मांडी-कमरेची हाडं दर महिन्याला एक टक्क्याच्या आसपास झिजतात, म्हणून अंतराळवीरांना रोज दोन तास व्यायाम करावा लागतो. यान फिरतं ठेवलं तर भिंतीचाच रेटा जमिनीसारखा वापरता येईल. १९६६ साली जेमिनी ११ यानानं दुसऱ्या एका यानाला पट्ट्यानं बांधून संथ फिरवून बघितलं. वजन तयार झालं, पण नावापुरतं.

अडचण आकाराची आहे. आमच्या डब्याएवढं, ४ मीटरचं यान घेतलं तर घरासारखं वजन मिळायला मिनिटाला १५ फेरे लागतील. त्यात भिंतीवर पाय टेकून उभं राहिलं की डोकं मध्याच्या जवळ येतं, तिथं रेटा कमी. साडेपाच फुटी माणसाच्या पायाला १ जी आणि डोक्याला जेमतेम ०.६. त्यात मान वळवली की वर सांगितलेली कोलांटी. एवढ्यात महिनोन् महिने कोण राहील?

उपाय एकच, चक्र मोठं करायचं. मोठं चक्र संथ फिरवूनही तेवढंच वजन मिळतं. १९७५ साली नासाच्या पुढाकारानं स्टॅनफर्ड विद्यापीठात बसलेल्या अभ्यासकांनी असं अंतराळातलं गाव कागदावर आखलं: दहा हजार माणसं आणि १.८ किलोमीटर व्यासाचं चक्र. आपला आकाशपाळणा मिनिटाला सहा फेरे घेतो. ते चक्र एकच घेणार होतं.